‘ट्विस्टर’ किती खरा, आणि डॅलसहून टोर्नेडो बघायला जायचं तर

प्रश्न असा होता: १९९६ चा ‘ट्विस्टर’ आणि २०२४ चा ‘ट्विस्टर्स’ पाठोपाठ पाहिले. त्यातलं किती खरं? आम्ही डॅलसला राहतो, तर मे महिन्यात गाडी काढून स्वतः बघायला जाता येईल का?

जाता येतं. दरवर्षी शेकडो लोक जातात आणि बहुतेक वेळा काहीही न बघता, पेट्रोल जाळून परत येतात. पण आधी सिनेमाचं बोलू. यान दे बाँटच्या त्या पहिल्या सिनेमावर हसणारे लोक उडणाऱ्या गायीवर हसतात. गायीचं मला फारसं काही वाटत नाही; जोरदार टोर्नेडोत जनावरं, मोटारी, ट्रकचे ट्रेलर उचलले जातात हे खरंच आहे. त्या सिनेमातली खरी चूक नकाशावरची आहे. गाड्या वादळाच्या कुठल्याही बाजूने, कुठल्याही रस्त्याने घुसतात, टोर्नेडोच्या मागे लागतात आणि त्याला गाठतात. प्रत्यक्षात मागे लागून टोर्नेडो सापडत नाही. त्याच्या पुढे, ठरावीक कोपऱ्यात आधीच जाऊन उभं राहावं लागतं.

हे का, ते नीट समजून घ्या. सगळी सुरक्षितता यावरच उभी आहे.

मोठे टोर्नेडो बहुतेक वेळा सुपरसेल नावाच्या वादळातून येतात. सुपरसेल म्हणजे ज्याचा वर चढणारा हवेचा झोत स्वतःभोवती फिरतो असा एकांडा गडगडाटी ढग. ओक्लाहोमा, कॅन्सस, उत्तर टेक्सास या पट्ट्यात असं वादळ साधारण ईशान्येकडे किंवा पूर्वेकडे सरकतं. वरच्या थरातला वारा पाऊस पुढे ढकलतो, म्हणून पावसाचा पडदा चढत्या झोताच्या उत्तरेला आणि ईशान्येला पडतो. सगळ्यात मोठ्या गारा त्या पडद्याच्या आतल्या कडेला, झोताला लागून असतात. टोर्नेडो होतो तो मागच्या, म्हणजे नैर्ऋत्येकडच्या टोकाला. रडारवर तिथे आकड्यासारखा वाक दिसतो.

आता तुम्ही उत्तरेकडून आलात तर आधी पाऊस, मग गारा, मग काहीच न दिसणारा पांढरा धबधबा, आणि तो संपताच समोर टोर्नेडो. या प्रकाराला चेसर, म्हणजे वादळांचा पाठलाग करणारे लोक ‘कोअर पंच’ म्हणतात आणि शहाणा माणूस तो करत नाही. पश्चिमेकडून आलात तर वादळ तुमच्यापासून दूर पळतंय. उरते आग्नेय बाजू. तिथे उभं राहून वायव्येकडे बघायचं. अंगावर पाऊस नसतो, दक्षिणेकडून वादळात शिरणारी दमट हवा पाठीवर लागते, ढगाचा काळा तळ समोर असतो आणि त्याच्यामागे पश्चिमेचा उजेड. टोर्नेडो झाला तर त्या उजेडावर काळा उठून दिसतो. नवख्याने अंतर ठेवावं ५ ते ८ किलोमीटर. फोटो चांगले येतात, तेवढं पुरे.

एक गणित सिनेमा पूर्णपणे विसरतो. त्या भागातले गावरस्ते एकेका मैलावर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम आखलेले आहेत. वादळ मात्र तिरपं, ईशान्येला जातं. समजा वेग ताशी ६० किलोमीटर आहे. त्याच्याबरोबर राहायला तुम्हाला तासात सुमारे ४२ किलोमीटर पूर्वेला आणि ४२ उत्तरेला जावं लागेल, म्हणजे रस्त्याने ८५. हायवेवर जमेल, खडीच्या रस्त्यावर नाही. ओक्लाहोमाची तांबडी माती पाऊस पडल्यावर इतकी निसरडी होते की चारही चाकांना जोर देणारी गाडीसुद्धा आडवी होऊन खंदकात जाते. शिवाय रेड रिव्हर, वॉशिटा, कॅनेडियन या नद्यांवर पूल मोजकेच आहेत; पूल चुकला की वीस-तीस किलोमीटरचा वळसा. सिनेमात मक्याच्या शेतातून गाड्या पळवतात. खऱ्या शेताला काटेरी तारेचं कुंपण असतं आणि मालकही असतो.

सुपरसेल जोर धरला की आधीच्या दिशेपेक्षा उजवीकडे वळतो, आणि उजवीकडे म्हणजे नेमका तुम्ही उभे असता तिकडे. म्हणून थांबण्याआधी बघायचं ते हे की इथून दक्षिणेला डांबरी रस्ता जातो का. दृश्य कसं दिसेल ते नंतर.

टोर्नेडो आपल्याकडे येतोय हे कसं ओळखायचं? दूरचं झाड किंवा खांब धरून बघा. टोर्नेडो त्याच्या डावीकडे-उजवीकडे सरकत असेल तर तो बाजूने जातोय. जागचा हलत नसेल आणि नुसता जाड होत असेल, तर तो थेट तुमच्यावर येतोय. त्याच्या मार्गाला काटकोनात, बहुधा दक्षिणेला, लगेच निघायचं. त्याच्यासमोर सरळ पळू नका.

आता यंत्राकडे. सिनेमातली ‘डोरोथी’, म्हणजे टोर्नेडोच्या वाटेत ठेवायचं मोजणीचं यंत्र, ही पूर्ण कल्पना नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ५५ गॅलनच्या पिंपात वारा, दाब, तापमान, आर्द्रता मोजणारी उपकरणं बसवली होती. यंत्राचं नाव टोटो. ‘विझर्ड ऑफ ओझ’मधल्या डोरोथीच्या कुत्र्याचं. पिकअप ट्रकच्या मागे ते लादायचं, टोर्नेडोच्या वाटेत उतरवायचं आणि पळायचं. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या हॉवर्ड ब्लूस्टीन यांच्या गटाने ते अनेकदा नेलं. १९८४ मध्ये ओक्लाहोमातल्या आर्डमोरजवळ एका दुबळ्या टोर्नेडोची कड त्याला लागली आणि ते आडवं झालं. वजन शंभर किलोंहून जास्त असूनही, कारण गुरुत्वमध्य उंच होता. १९८७ मध्ये ते निवृत्त झालं.

पिंप हा आकारच चुकीचा. वाऱ्याला जितकी उभी भिंत द्याल तितका तो ढकलतो. पुढे टोर्नेडो-संशोधक टिम समारस यांनी अगदी उलट केलं. त्यांचं यंत्र एका बसक्या, रुंद शंकूसारखं होतं, उंची वीतभर आणि वजन सुमारे २० किलो. वरून जाणारा वारा त्याला जमिनीवर दाबून धरतो. २४ जून २००३ ला साउथ डाकोटातलं मँचेस्टर हे छोटं गाव पुसून टाकणारा टोर्नेडो या यंत्रावरून गेला आणि यंत्राने १०० मिलिबारची दाबाची घट नोंदवली. समुद्रसपाटीवरून सुमारे ९०० मीटर उंच चढल्यावर हवेचा दाब जेवढा कमी होतो, तेवढी.

डोरोथीतून शेकडो छोटे गोळे उडतात आणि टोर्नेडोच्या आतला नकाशा पडद्यावर उमटतो, हा भाग मात्र स्वप्न आहे. फिरत्या हवेत वजनदार वस्तू बाहेर फेकली जाते; प्रत्येक गोळा वर चढून मधोमध राहील असं नाही. त्यात गारा, माती, पत्रे. तरी कल्पना अगदीच वाया गेली नाही. २०१९ मध्ये कॅन्ससमधल्या एका टोर्नेडोत रॉकेटने छोटा संवेदक सोडून माहिती मिळवली गेली. आतल्या वाऱ्याचं बहुतांश ज्ञान मात्र दुरून, रडारने आलंय. ‘ट्विस्टर’ येण्याआधीच, १९९४-९५ मध्ये, व्होर्टेक्स ही टोर्नेडोच्या अभ्यासाची मोठी मोहीम झाली होती आणि १९९५ मध्ये जोशुआ वर्मन यांनी ट्रकवर बसवलेलं, वाऱ्याचा वेग मोजणारं डॉप्लर रडार मैदानात आणलं. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमा सिटीजवळच्या मूरच्या टोर्नेडोत या ट्रकवरच्या रडारने ताशी ३०० मैलांच्या, म्हणजे ४८० किलोमीटरच्या आसपासचा वारा मोजला.

ट्रकवरच का, तर कायमस्वरूपी रडारची मोठी मर्यादा आहे. त्याचा सगळ्यात खालचा किरण अर्धा अंश वर तिरपा जातो आणि पृथ्वी वाकलेली आहे. १०० किलोमीटरवर तो किरण जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर असतो. तुमच्या फोनमधल्या अ‍ॅपवर दिसतं ते ढगाच्या पोटातलं फिरणं. जमिनीवर काय चाललंय ते त्यात नसतं. शिवाय चित्र काही मिनिटं जुनं. ताशी ६० किलोमीटरने सरकणारं वादळ पाच मिनिटांत ५ किलोमीटर पुढे गेलेलं असतं. सुरक्षित म्हणून ठेवलेलं अख्खं अंतर त्यात संपतं. म्हणून शेवटच्या १० किलोमीटरमध्ये फोनपेक्षा काच खाली करून बघितलेलं खरं.

सिनेमातली माणसं लांबून बोट दाखवून ‘एफ-थ्री’, ‘एफ-फोर’ अशी टोर्नेडोच्या जोराची श्रेणी सांगतात, तेही बरोबर नाही. फुजिता या शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये मांडलेली ही श्रेणी टोर्नेडो गेल्यावर, पडझड बघून देतात. २००७ पासून अमेरिकेत तिची सुधारित आवृत्ती, ईएफ, वापरतात. घर, शाळा, झाड, विजेचा खांब असे २८ प्रकार ठरलेले आहेत आणि प्रत्येकाची किती मोडतोड झाली यावरून वाऱ्याचा अंदाज बांधतात. मोकळ्या माळावरून राक्षसी टोर्नेडो गेला आणि त्याने काही मोडलंच नाही, तर कागदावर तो किरकोळ ठरू शकतो.

शेवटच्या प्रसंगात नायक-नायिका कातडी पट्ट्याने स्वतःला पाइपला बांधतात आणि एफ-फाइव्ह वरून जातो. साधा हिशेब करा. ताशी ४२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११७ मीटर. या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साडेसात हजार न्यूटनच्या घरात जातो. माणसाचं समोरचं क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर धरलं तर अंगावर साडेचारशे किलोंचा रेटा. पट्टा टिकला तरी माणूस टिकणार नाही. आणि वारा एकटा नसतो. फळ्या, खिळे, काचा, खडी घेऊन येतो. टोर्नेडोत बहुतेक माणसं या उडत्या वस्तूंनी मरतात. अशा वेळी तळघर, नाहीतर तळमजल्यावरची मधली, खिडकी नसलेली छोटी खोली.

याच जातीचा एक गैरसमज सिनेमाबाहेरही पसरलेला आहे: हायवेच्या पुलाखाली आसरा घेणं. १९९१ मध्ये कॅन्ससमध्ये काही जण पुलाखाली वाचल्याचं चित्रीकरण टीव्हीवर खूप दाखवलं गेलं. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात पुलांखाली थांबलेल्यांपैकी तिघे मेले. पुलाखालच्या अरुंद जागेत वारा आणखी वेग घेतो, आणि वर चढून बसल्यावर जमिनीलगतचा थोडा मंद वाराही मिळत नाही.

आवाजाबद्दल थोडं. सिनेमातल्या टोर्नेडोच्या गुरगुरण्यात उंटाचं हंबरणं मंद करून मिसळलं होतं. परिणाम छान, पण ३-४ किलोमीटरवरून बऱ्याचदा काहीच ऐकू येत नाही. जवळून धबधब्यासारखी अखंड घरघर येते. ती ऐकू येत असेल तर तुम्ही फार जवळ आहात.

३१ मे २०१३ च्या, ओक्लाहोमातल्या एल रेनो गावाजवळच्या टोर्नेडोबद्दल सांगितल्याशिवाय जा म्हणणार नाही. ओक्लाहोमा सिटीच्या पश्चिमेला तो टोर्नेडो आधी आग्नेयेकडे सरकत होता, मग अचानक डावीकडे, ईशान्येला वळला, वेग वाढला आणि रुंदी ४.२ किलोमीटरपर्यंत गेली. पावसाने वेढलेला असल्यामुळे कड कुठे संपते ते दिसत नव्हतं. मुख्य भोवऱ्याच्या आत छोटे भोवरे प्रचंड वेगाने फिरत होते. त्यात टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग मृत्युमुखी पडले. धाडसी पोरं नव्हती ती. या क्षेत्रातली सर्वांत सावध मंडळी म्हणून ओळखली जात. रडारने जमिनीलगत भयंकर वारा मोजला होता, तरी पडझडीवरून अधिकृत श्रेणी राहिली ईएफ-थ्री. त्या संध्याकाळी शहरातले लोकही गाड्या घेऊन बाहेर पडले आणि हायवे तुंबले.

यातून घ्यायचं ते असं. डोळ्याला दिसणारी सोंड म्हणजे सगळा टोर्नेडो नव्हे. वारा तिच्याबाहेरही मारतो. आणि सोंड पावसात गुंडाळली गेली की थांबून बघत राहायचं नाही, दक्षिणेला निघायचं.

२०२४ च्या सिनेमातल्या ‘टोर्नेडो मारण्याच्या’ प्रयोगाला तेवढा वेळ देत नाही. डायपरमध्ये असतो तसा पाणी शोषणारा पॉलिमर ढगात सोडून वादळाचा जोर काढायचा, अशी ती कल्पना. एका सुपरसेलमध्ये बाष्पाचा पुरवठा सतत चालू असतो, त्यात पाणी लाखो टनांत असतं. ट्रकभर पावडर कुठे पुरणार? त्या सिनेमाने रडारचे ट्रक तीन बाजूंना लावून वादळ मोजायचं दाखवलं, ते मात्र खऱ्या कामाच्या बरंच जवळ आहे.

आता डॅलसहून निघण्याचं.

मे चांगला. जून लागला की खेळ उत्तरेला, नेब्रास्का आणि डाकोटाकडे सरकतो. शक्यतो इंटरस्टेट ३५ या उत्तर-दक्षिण हायवेच्या पश्चिमेला राहा. पूर्व ओक्लाहोमा आणि आर्कान्सा झाडी-टेकड्यांचे. तिथे टोर्नेडो दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. पश्चिमेला विचिटा फॉल्स, चिल्ड्रेस, त्यापुढे टेक्सासचा पॅनहँडल, म्हणजे राज्याचा उत्तरेला वर आलेला चौकोनी तुकडा. मोकळा माळ, लांबवर नजर.

सकाळी ८ वाजता ओक्लाहोमातल्या नॉर्मनच्या स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर या वादळांचे अंदाज देणाऱ्या सरकारी केंद्राचा नवा अंदाज येतो, मग साडेअकराला, मग दुपारी ३ ला. (मेमधल्या डॅलसच्या घड्याळाने.) धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, पण टोर्नेडोच्या शक्यतेचा नकाशा वेगळा बघा. त्यात ५ टक्के म्हणजे एखाद्या जागेपासून २५ मैलांच्या आत टोर्नेडो होण्याची शक्यता ५ टक्के. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण नवख्याला तो दिवस पुरेसा आहे. सर्वांत वरच्या पायरीचा दिवस मुद्दाम टाळा: वादळं ताशी ८०-९० किलोमीटरने पळतात, एकात एक मिसळतात, रस्ते गाड्यांनी भरतात.

जागा निवडताना स्वतः हे आकडे बघा. जमिनीलगतचा दवबिंदू (हवेतल्या ओलाव्याचं माप) ६५ फॅरनहाइट, म्हणजे १८ सेल्सिअसच्या आसपास किंवा वर. वर चढणाऱ्या हवेला मिळणारा जोर, ज्याला केप म्हणतात, तो किलोला २००० जूलच्या वर. जमीन ते ६ किलोमीटर उंचीमध्ये वाऱ्यातला फरक निदान ४० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटर. ढगाचा तळ १००० मीटरच्या खाली. हे सगळं जुळूनही पुष्कळदा संध्याकाळपर्यंत आकाश निळंच राहतं, कारण वर गरम कोरड्या हवेचा थर ठाण मांडून बसलेला असतो. त्याला कॅप म्हणतात. सुमारे ३ किलोमीटर उंचीवर, ७०० मिलिबारच्या पातळीला, तापमान १२ सेल्सिअसच्या बरंच वर असेल तर वादळी ढग उभा राहण्याची आशा कमी. उलट कॅप अजिबातच नसेल तर दुपारी १ वाजताच सगळीकडे ढग उगवतात आणि एकमेकांचा घास घेतात. हवा असतो तो मधला दिवस: ४ ते ६ च्या दरम्यान, पश्चिमेची कोरडी आणि पूर्वेची दमट हवा भिडते त्या रेषेवर, एकच ढग उभा राहणारा.

त्या रेषेच्या थोडं पूर्वेला एखाद्या गावात दुपारी २ पर्यंत पोहोचा. टाकी पूर्ण भरा आणि अर्ध्यावर आली की पुन्हा भरा. वीज गेली की पंप बंद पडतात. स्टेपनीची हवा तपासा. छापील नकाशा जवळ ठेवा, मोबाइलचं नेटवर्क पॅनहँडलमध्ये दगा देतं. १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवर चालणारा हवामान रेडिओ घ्या. दोन माणसं हवीतच: एक फक्त चालवणार, दुसरा नकाशा आणि आकाश बघणार. चेसिंगमधले बरेच मृत्यू टोर्नेडोमुळे झालेले नाहीत. थांबा-पाटी चुकवून, पाण्यावर घसरून, झोप अनावर होऊन झालेत. गाडी थांबवायची तर रस्त्यावरून पूर्ण बाजूला. आणि वीज कडाडत असेल तर गाडीच्या आतूनच बघा, कुंपणाच्या तारेला टेकून तर अजिबात नको.

समोर आल्यावर बघायचं ते पाऊस नसलेल्या, सपाट काळ्या तळाखाली. तिथून ढगाचा एक ठोकळा खाली उतरतो, तो वॉल क्लाउड. नुसता लोंबणारा ढग पुष्कळदा फसवतो. तो स्वतःभोवती फिरतोय का ते एका जागी उभं राहून मिनिटभर बघा. त्याच्या मागून, नैर्ऋत्येकडून, एक उजळ फट ढगात शिरून त्याला वळसा घालू लागली की काही मिनिटांत टोर्नेडो होऊ शकतो. पुष्कळदा होतही नाही. बहुतेक सुपरसेल टोर्नेडो न देताच संपतात.

गारांचं गणित वेगळं ठेवा. २.५ सेंटिमीटरच्या गारा पत्र्याला पोचे पाडतात. गोल्फच्या चेंडूएवढ्या, ४-४.५ सेंटिमीटरच्या गारा आल्या की काचा धोक्यात. ७ सेंटिमीटरच्या गारेने मागची काच जातेच. सापडलात तर गाडीचं तोंड गारांकडे करा, पुढची काच जास्त मजबूत असते. भाड्याची गाडी घेणार असाल तर गारांचं नुकसान विम्यात आहे का ते करारात वाचून घ्या, काउंटरवरच्या माणसाच्या बोलण्यावर जाऊ नका. स्वतःच्या गाडीवर फक्त अपघाती धडकेचा विमा असेल तर गारा त्यात येत नाहीत; त्यासाठी ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ लागतो.

मेअखेरीस तिकडे सूर्य साडेआठनंतर मावळतो. आठला पाठलाग सोडा आणि दक्षिणेच्या मुक्कामाचं हॉटेल दुपारीच धरून ठेवा, कारण वादळ गेलेल्या गावात खोल्या घर गेलेल्यांना लागतात. रात्री टोर्नेडो फक्त विजेच्या लखलखाटात दिसतो. त्याच्या वाटेवर तारा, झाडं, जनावरं रस्त्यात पडलेली असतात. परतीचा रस्ता त्या वाटेला छेदत नाही ना, हे नकाशावर एकदा बघून मगच गाडी वळवा.